मित्राचा शोक आणि कबड्डीचे मैदान: पेण-रोह्यातील स्मृतिचषकांची रीत

मृताचा शोक कोणी, किती दिवस आणि कोणत्या विधीने पाळावा याची तपशीलवार मांडणी हिंदू धर्मशास्त्राने केली असली, तरी त्या मांडणीत मित्राच्या वाट्याला फार थोडे येते. सुतक, म्हणजे मृत्यूनंतर पाळावयाचे अशौच, भाऊबंदांना लागते. पिंड देण्याचा अधिकार प्रथम मुलाचा असतो. याज्ञवल्क्यस्मृतीत मित्रासाठी ‘कामोदक’ सांगितले आहे, म्हणजे इच्छा असल्यास त्याच्या नावाने पाणी सोडावे, न सोडल्यास दोष नाही. आणि भाद्रपदातील महालय श्राद्धात गुरू, शिष्य यांच्याबरोबर आप्तांचे, म्हणजे स्नेह्यांचेही स्मरण होते. रायगड जिल्ह्यात, विशेषतः पेण आणि रोहा तालुक्यांतील गावांत, या अपुऱ्या तरतुदीला खेळाडूंनी स्वतःची जोड दिली. ज्या मित्राने हात धरून मैदानात उतरवले तो गेल्यावर त्याच्या नावाने कबड्डीची स्पर्धा भरवायची आणि तिच्या चषकाला त्याचे नाव द्यायचे, ही ती रीत होय.

ही रीत कबड्डीतच का रुजली, याचे उत्तर खेळाच्या घडणीत आहे. महाराष्ट्रात पूर्वी हुतुतू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे, सातारा आणि बडोदे येथील व्यायामप्रेमींनी नियमांची चौकट दिली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. तथापि गावातल्या मुलाला हा खेळ पुस्तकातून किंवा प्रशिक्षकाकडून क्वचितच मिळाला. त्याला तो मिळाला वयाने दोन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्या गड्याकडून, आणि तोही बोलण्यातून कमी, अंगाला अंग लागून अधिक. ‘साखळी’ या बचावात दोन बचावपटू हात धरून उभे राहतात व चढाई करणारा आत शिरला की दोन्ही बाजूंनी त्याच्यावर मिटतात. तेथे शेजारच्याने पाऊल कधी टाकले हे डोळ्यांना दिसण्याआधी मनगटाला कळावे लागते. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातल्यावर मध्यरक्षकाने क्षणभरही उशीर केला, तर पकड सुटते आणि गडी बाद होतो तो पहिला हात घालणारा. असा विश्वास बसायला अनेक हंगाम एकत्र खेळावे लागते, आणि म्हणून येथील संघ हा बहुधा एका गावातल्या, एकत्र वाढलेल्या मित्रांचाच असे.

हुतुतूचे तीन जुने प्रकार नोंदवलेले आहेत. ‘अमर’ प्रकारात स्पर्श झालेला गडी बाहेर जात नसे, फक्त गुण मोजला जाई, ‘गामिनी’त बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही, ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक परत येई. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली आहे. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत येतात, आणि प्रत्येकाचे परतणे जोडीदाराच्या चढाईवर किंवा पकडीवर अवलंबून असते; खेळाडूंमधील ऋणाची भावना प्रत्येक सामन्यात अशी पुन्हा पुन्हा ताजी होते.

स्पर्धांचा हंगाम भाताने ठरवला. पेण तालुक्याच्या पश्चिमेकडील खारेपाटात, म्हणजे बांध घालून भरतीचे पाणी अडवलेल्या जमिनीत, मुख्यतः पावसाळी भात होते आणि कापणी-मळणीनंतर शेते मोकळी पडतात. रोह्याकडे कुंडलिका नदीच्या कालव्यांवर उन्हाळी भातही होत असल्याने मोकळ्या शेताची सोय सर्वत्र नसते. तेथे शाळेचे पटांगण किंवा गावाबाहेरचा माळ कामी येतो. मैदान बनवणे हे कष्टाचे काम आहे. भाताचे सड खणून काढायचे, ढेकळे फोडायची, बारीक चाळलेली माती पसरायची, संध्याकाळी पाणी शिंपून सकाळी रोलर फिरवायचा, आणि शेवटी पांढऱ्या फक्कीने 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असे क्रीडांगण आखायचे. स्मृतिचषकाच्या मैदानावर हे काम मृताचे सवंगडीच करतात, आणि त्यांच्या शोकाचा मोठा भाग याच दिवसांत व्यक्त होतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. मंचावरची भाषणे त्या मानाने उसनी असतात.

चषकाला मृताचे नाव देण्याची कल्पना मूळची येथील नव्हे. 1933 मध्ये रणजितसिंहजींचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले, हे तिचे सर्वात परिचित उदाहरण आहे. परंतु तेथे नाव राजाचे होते. पेण-रोह्याच्या गावांनी तोच मान शेतकऱ्याला, आगरी-कोळी घरातल्या मुलाला, कंपनीतल्या कामगाराला दिला, आणि त्यातच या रीतीचे मोठेपण आहे. कुलाबा जिल्ह्यातून (1 जानेवारी 1981 पासून रायगड) मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांनी गाव आणि लालबाग-परळ यांच्यामध्ये खेळाची ये-जा चालू ठेवली. चांगल्या खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँका व मोठ्या कंपन्या आपल्या संघांसाठी नोकरी देत असल्याने मैदानाची ओळख करून देणारा मित्र कित्येकदा पोटापाण्याची वाटही दाखवून गेलेला असे. अशा माणसाच्या मृत्यूने संघात पडणारी पोकळी भाऊबंदांच्या सुतकाइतकीच खरी होती.

स्पर्धेचा प्रारंभ ठरलेल्या पद्धतीने होतो: मैदानाच्या कडेला मेजावर फोटो, त्याला हार, समई, नारळ, दोन्ही संघांचे काही वेळ मौन, आणि लगेच पंचांची शिट्टी. ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ ही बक्षिसेही पुष्कळदा कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ ठेवलेली असतात. चषक मृताच्या आईच्या किंवा पत्नीच्या हस्ते देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे आणि तिचे महत्त्व खेळापलीकडचे आहे. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये केला, इतक्या अलीकडेपर्यंत ही बंधने टिकून होती. ज्या समाजात मंगल प्रसंगी विधवेला मागे ठेवले जाई, तेथे हजारोंच्या गर्दीसमोर तिला मंचाच्या मध्यभागी उभे करण्याचे काम मैदानाने केले.

2020 च्या टाळेबंदीत ही रीत खंडित झाली. अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा असल्याने घरच्यांनंतर मित्रांचा क्रमांक लागेना, आणि स्पर्धाही बंद असल्याने शोक व्यक्त करण्याची त्यांची दुसरी जागाही गेली. त्याआधीच आणखी एक बदल सुरू झाला होता. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग आल्यानंतर गावोगावी बक्षिसांच्या रकमा फुगल्या, मातीच्या जागी मॅट आली, आणि फलकावर ज्याच्या नावाची स्पर्धा त्याचा फोटो कोपऱ्यात व पुढाऱ्यांचे फोटो मध्यभागी असे चित्र दिसू लागले. पैशाशिवाय मॅट येत नाही हे मान्य केले, तरी फलकावरची ही उलथापालथ क्लेशदायक आहे.

या परंपरेचा इतिहास लिहिण्याची साधने अगदी नाजूक आहेत: स्पर्धेची पत्रके, गुणपत्रिका, निमंत्रणे आणि चषकांवर कोरलेली नावे. ज्या खेळाडूंची नावे कोणत्याही गॅझेटियरमध्ये येणार नाहीत त्यांची नोंद याच कागदांत आहे, आणि हंगाम संपला की त्यातले बहुतेक रद्दीत जातात. तालुक्याच्या वाचनालयांनी दरवर्षीची पत्रके मागवून त्यांच्या फाइली केल्या, तर कोणत्या गावात कोणाच्या नावाने स्पर्धा सुरू झाली, किती वर्षे चालली आणि कोणत्या पिढीत थांबली, हे निदान यापुढे तरी सांगता येईल.