तीन गोळ्या आणि वीस मिलिग्रॅम

माणगावकडचा तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण परळच्या किंवा खारघरच्या टाटा रुग्णालयात पोचतो, तेव्हा बरेचदा जबडा आखडलेला असतो. दोन बोटंही आत जात नाहीत. शस्त्रक्रियेची वेळ टळली असेल तर वर्षानुवर्षं ठरलेली वाट म्हणजे दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची सलाईन. ओकाऱ्या, मूत्रपिंडाची काळजी आणि सोबत आलेल्याचा बुडालेला रोज.

टाटा मेमोरियलनं याला गोळ्यांचा पर्याय उभा केला. त्या गोळ्या मात्र तीन वेगळ्या घरच्या. सर्वांत थोरली मेथोट्रेक्सेट. फॉलिक आम्लाला शह देणाऱ्या ज्या औषधांवर १९४०च्या दशकात अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं काम केलं, त्या कुळातली. सेलेकॉक्सिब मूळची सांधेदुखीची. एर्लोटिनिब आली फुफ्फुसाच्या कॅन्सरकडून. थोडं थोडं औषध खंड न पाडता देत राहिलं तर गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या खच्ची होतात, हे २०००च्या सुमारास उंदरांवर दिसलं होतं. 'मेट्रोनॉमिक' केमो ती हीच.

आधी पहिल्या दोनच गोळ्या सिस्प्लॅटिनसमोर उभ्या केल्या. ४२२ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला: मध्यक आयुर्मान गोळ्यांवर साडेसात महिने, सलाईनवर ६.१. फरक थोडा, पण स्वस्त गोळ्यांनी महाग सलाईनला मागं टाकलं, आणि तीव्र दुष्परिणामही कमी.

मग एर्लोटिनिब जोडली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब रोज. पुढची पायरी धाडसाची होती. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एरवी दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. ते सामान्य घराला झेपत नाही. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या अधिक निवोलुमॅब. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. एवढ्याशा औषधाच्या मानानं ही झेप मोठीच म्हणायची.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुलना नुसत्या गोळ्यांशी होती, निवोलुमॅबच्या पूर्ण मात्रेशी नव्हे. त्यामुळे २० मिलिग्रॅम २४०च्या तोडीचं आहे, असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. ज्याला २४० कधीच परवडणार नव्हतं, त्याच्यासाठी मात्र ते घेण्याजोगं आहे.