घराचे झाकलेले दोष

वैशाखातील उन्हात बहुतेक घरे निर्दोष दिसतात. भिंती कोरड्या खडखडीत झालेल्या असतात, दारे चौकटीत सैलपणे फिरतात, छपराची परीक्षा घेणारा पाऊस अजून महिना-दीड महिना दूर असतो. आणि लग्नसराईनिमित्त नुकताच दिलेला चुना मागील पावसाळ्याच्या सर्व खुणा पोटात घालून उभा असतो. घरांचे सौदे पुष्कळदा याच दिवसांत ठरतात. ऋतूची ही अनुकूलता विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला ती मृगाचा पाऊस पडून गेल्यावर कळते. आयुष्यभराची शिल्लक आणि वर काही कर्ज एका सहीनिशी देऊन बसलेल्या गृहस्थाला हा उशीर फार महाग पडतो.

भंडाऱ्यासारख्या ठिकाणी तर हा प्रश्न अधिकच नाजूक होय. वैनगंगेच्या काठचे हे जुने गाव पितळी भांड्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. भाणे म्हणजे ताट, त्यावरूनच गावाचे नाव पडले अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. येथे नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली, तेव्हा वस्ती जुनी आणि घरेही पुष्कळ जुनी. जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलावांच्या पाळी गावोगाव उभ्या आहेत, आणि पाळीच्या उताराखाली वसलेल्या घराच्या जमिनीत पाण्याचा पाझर कोणत्या महिन्यात वर येतो हे तेथील म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणास सांगता येत नाही. मातीचेही तसेच आहे. इंग्रजी अमलात जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्याच तोंडचे शब्द घेऊन जमिनीची प्रतवारी केली : कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बर्डी. यांतील कन्हार ही काळी चिकण माती धान्याला उत्तम, परंतु भिंतीला वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घालून उभारलेली भिंत दर वर्षी किंचित उचलली जाते व किंचित खचते. दाराच्या वा खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर गेलेली चीर ही बहुधा या उठाबशीचीच खूण असते. मुरमाड बर्डीवरचे घर या पीडेतून सुटते. त्या जमिनीत पीक बेताचेच येते, ही गोष्ट निराळी.

जमिनीची परीक्षा आधी आणि घराची नंतर, हा क्रम आपल्याकडील ग्रंथकारांनी फार पूर्वी घालून दिला होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या अध्यायात एक साधी रीत सांगितली आहे. जागेच्या मध्यभागी हातभर खड्डा खणावा व निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. दुसरी रीत पाण्याची : खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती उतरले ते पाहावे. या परीक्षांबरोबर त्याच अध्यायात दिव्याच्या वातींचे व वर्णांचे शकुनही आहेत, आणि आजचा वाचक ते सोडून देतो. परंतु खड्ड्याची रीत सोडून देण्यासारखी नाही. घट्ट बसलेली माती खणल्यावर मोकळी होऊन फुगते, म्हणून ती उरते. जी कमी पडते ती जागच्या जागीच पोकळ होती, म्हणजे तेथे बहुधा कधी काळी खाच किंवा जुनी विहीर बुजवलेली असते. शकुनाच्या भाषेत लिहिलेले हे भूमिपरीक्षणच होय. मात्र ही परीक्षा रिकाम्या जागेची आहे. उभे घर विकत घेणाऱ्याला ओसरीत हातभर खड्डा कोण खणू देणार?

उभ्या घराच्या विक्रीचा विचार कौटिल्याने केला आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर, शेत, तलाव अशा वास्तूंच्या विक्रीचे नियम आहेत. प्रथम अधिकार नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. त्यांनी न घेतल्यास बाहेरच्यांचा. विक्रीची घोषणा घराच्या दारासमोर, शेजारच्या चाळीस कुळांतील माणसांदेखत करावयाची. शेत, बाग, तलाव यांच्या सीमा गावच्या वृद्धांसमक्ष जशा असतील तशा सांगावयाच्या. किंमत तीन वेळा पुकारल्यावर कोणी हरकत घेतली नाही तर खरेदी पक्की. पुढे मिताक्षरेतही जमिनीच्या हस्तांतरणाला गाव, नातलग, शेजारी व दायाद यांच्या संमतीची जोड दिलेली आढळते. या नियमांचा उद्देश मुख्यत्वे हक्काचे तंटे टाळण्याचा आहे, हे खरे. पण त्यांचा एक परिणाम ग्रंथकारांनी न सांगताही उघड आहे. ज्या चाळीस कुळांनी ते छप्पर तीस वर्षे गळताना पाहिले, त्यांच्यासमोर उभे राहून घर निर्दोष आहे असे म्हणणे सोपे नव्हे.

हाच पेच रोमच्या लोकांपुढेही उभा राहिला होता, आणि तेथील एक खटला सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सविस्तर सांगितला आहे. सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेंटुमालस याचे उंच घर होते. आकाशात पक्ष्यांचे शकुन पाहणाऱ्या राजमान्य पुरोहितांच्या दृष्टीला ते आड येई, म्हणून उंच भाग पाडून टाकावा असा हुकूम त्यांनी त्याला दिला. सेंटुमालसने घर पाडले नाही. ते विकावयास काढले. कॅल्पर्नियस लनेरियस याने ते घेतले, आणि थोड्याच दिवसांत तोच हुकूम त्याच्या हाती पडला. त्याने मुकाट्याने बांधकाम पाडले. मागाहून त्याला कळले की, जाहिरात लावण्यापूर्वीच विक्रेत्याला हा हुकूम पोहोचला होता. तेव्हा त्याने फिर्याद केली. न्यायाधीश होता मार्कस केटो, विख्यात धाकट्या केटोचा बाप. त्याने निकाल दिला की, विकताना दोष माहीत असून जो सांगत नाही त्याने खरेदीदाराचे नुकसान भरून द्यावे. सिसेरो याच ठिकाणी दोन तत्त्ववेत्त्यांचा वादही मांडतो. डायोजेनिसचे म्हणणे, कायदा भाग पाडील तेवढेच विक्रेत्याने सांगावे. आपले घर रोगट आहे अशी दवंडी कोण पिटील? अँटिपेटरचे म्हणणे, विक्रेत्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक झालेच पाहिजे. ज्या घराच्या खोल्याखोल्यांत साप निघतात, ज्याचे लाकूड निकृष्ट आहे व जे कोसळावयास आले आहे, असे घर सिसेरोने या वादात उदाहरणादाखल घेतले आहे. भंडाऱ्यातील जुन्या मातीच्या घरांत राहिलेल्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

इंग्रजांचा कायदा घरांच्या बाबतीत पुष्कळसा डायोजेनिसच्या बाजूने झुकला. घेणाऱ्याने सावध राहावे, इमारत कशी आहे हे त्याचे त्याने पाहावे, असा तेथील दंडक. मात्र हिंदुस्थानासाठी केलेल्या १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने वेगळी वाट धरली. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही व साधारण काळजी घेऊनही त्याला शोधता आला नसता, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही लबाडी समजली जाते. मालकीहक्कातील दोषांचे शब्द या वाक्यात १९२९ च्या दुरुस्तीने आले. एक गंमत अशी की, हा कायदा प्रथम मुंबई इलाख्याला लागू नव्हता. तेथे तो १८९३ च्या आरंभी आला. मध्य प्रांतात मात्र तो १८८२ च्या १ जुलैपासूनच चालू झाला. म्हणजे पुण्यामुंबईच्या घरमालकांवर जे बंधन पुढे आले, ते भंडाऱ्याच्या घरमालकांवर साडेदहा वर्षे आधीपासून होते.

या कलमातील सारी मेख ‘साधारण काळजी’ या दोन शब्दांत आहे. डोळ्यांना दिसणारी चीर ज्याने पाहिली नाही त्याला कायदा हात देत नाही. चुन्याखाली दडवलेली चीर मात्र निराळी. आणि विक्रेत्याला ती माहीत होती हे सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्याच्याच शिरावर येते. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणी याच कायद्याने आवश्यक केली. त्यामुळे दारासमोरचा पुकारा संपला आणि विक्री कचेरीतील पुस्तकात गेली. पुस्तकामुळे गहाण व बोजे शोधता येऊ लागले, हा मोठाच लाभ झाला. परंतु पुस्तकात ओल लिहिलेली नसते. चाळीस कुळांना जे ठाऊक होते, त्यातील निम्मे या बदलात गळाले.

कागदावरचे दोष भंडाऱ्यात आणखी एका कारणाने गुंतागुंतीचे झाले. मालगुजारीच्या काळात खेड्यातील आबादीची जमीन मालगुजाराची मानली जाई. तीवर राहणाऱ्याचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रिवाजपत्रकात नमूद असत. भिंती व छप्पर एकाचे आणि खालची जागा दुसऱ्याची, असा प्रकार त्यामुळे संभवे. मालगुजारी १९५१ साली संपली. शहरात मात्र नझूल, म्हणजे सरकारी पट्ट्याची जमीन, हा प्रकार पुढेही राहिला. असे घर दिसावयास इतरांसारखेच असते; पट्ट्याची मुदत संपली आहे काय, हस्तांतरास परवानगी लागते काय, हे आखीव पत्रिका वाचल्यावाचून समजत नाही. १९५६ पर्यंत जिल्हा मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. जुनी दप्तरे त्या त्या राज्यांच्या भाषेत बोलतात, आणि ती वाचणारा माणूस गाठणे हेही ‘साधारण काळजी’तच मोडते.

आता घराकडे वळावे. येथील जुने घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागवान, बीजा वा ऐन यांचे खांब व मयाल, त्यावर बांबूच्या कामट्या आणि कवेलू. कवेलू दर वर्षी पावसापूर्वी फेरावे लागतात. ज्या घराचे ते कित्येक वर्षे फेरले गेले नाहीत, त्याच्या कामट्यांवर काळे ओघळ उमटलेले असतात. आणि भिंतीला चुना देणारा गडी सहसा कामट्यांपर्यंत चढत नाही. म्हणून जाणता माणूस घरात शिरताच प्रथम वर पाहतो. मग तो खांबाच्या बुडाशी बसतो. उधई, म्हणजे वाळवी, लाकडाची वरची साल तशीच ठेवून आतला गाभा खाते. बोटाच्या पेराने टकटक केल्यास निरोगी खांब भरीव वाजतो, खाल्लेला पोकळ. आणि ज्याच्या बुडाला ताजा रंग वा ताजे शेण-माती लिंपलेली दिसेल त्याच्याकडे दुप्पट संशयाने पाहावे. भिंतीच्या बुडाशी हात फिरवल्यास पांढरी भुकटी हाताला लागली तर लोणा लागला आहे, म्हणजे जमिनीतील ओल क्षार घेऊन वर चढते आहे. यावर उपाय म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याची चाल पडली, ती अत्यंत घातक होय. ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतल्या आत आणखी वर चढते, आणि भिंत बाहेरून गुळगुळीत व आतून चिखल होत जाते. चिरेच्या बाबतीत तिचे वय पाहावे. धूळ, जाळी वा जुना रंग आत असलेली चीर बहुधा पुष्कळ काळाची, कदाचित स्थिरावलेली. स्वच्छ व तीक्ष्ण कडांची चीर अद्याप चालती. घरमालक मुदत देत असेल तर चिरेवर कागदाची पट्टी डकवून महिना-दोन महिन्यांनी पाहावी. भिंत हलत असेल तर कागद फाटतो. आणि शक्य तर घर भाद्रपदात पाहावे, विहिरीच्या पाण्याची पातळी किती वर आली आहे हेही त्याच वेळी दिसते.

नव्या इमारतींना आता वेगळे संरक्षण आहे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास बांधणाऱ्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. इ. स. पूर्व अठराव्या शतकात बाबिलोनच्या हम्मुराबीने बांधणाऱ्याला हेच बजावले होते : भिंत कलली तर स्वतःच्या पैशाने ती पुन्हा घट्ट बांध. घर कोसळून मालक मेला तर मात्र त्याच्या कायद्यात बांधणाऱ्याला देहदंड होता. जुने घर एका गृहस्थाकडून दुसऱ्या गृहस्थाने घेतले तर २०१६ चा कायदा आड येत नाही. तेथे १८८२ चेच कलम.

भंडाऱ्यातील सर्वांत मोठा झाकलेला दोष भिंतीत नसून नदीत आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या भागात अतिवृष्टी झाली, मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि वैनगंगेचा पूर शहरातील सखल वस्त्यांत घराघरांत शिरला. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे, त्याची पायाभरणी १९८८ साली झाली; त्याच्या फुगवट्याचे पाणी भंडाऱ्यापर्यंत येते. पूररेषांचे नकाशे असतात, निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची व तांबडी शंभर वर्षांच्या पुराची, आणि ते खरेदीपूर्वी पाहता येतात. पण नकाशा हाती येण्याआधीही घरामागे जाऊन यावे. रस्त्याकडील भिंतीवरची पुराची खूण पहिल्याच दिवाळीला रंगाखाली जाते. सांदवाडीकडच्या भिंतीला सहसा कोणी रंग देत नाही, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला तर विक्रेत्याचा हातच पोहोचत नाही.