पांढऱ्या दिव्यामागचा निळा उजेड

तिन्हीसांजेला ओट्यावरचा दिवा लावताना आपल्या मनातही येत नाही, की त्याचा पांढरा उजेड मुळात निळा असतो. आज आम्ही त्या निळ्या उजेडाची हकीकत सांगणार आहोत.

जुन्या बल्बमध्ये तार तापून उजळायची आणि बहुतेक वीज उष्णतेतच जायची. एलईडीत तार नसते. आत मोहरीएवढा अर्धवाहकाचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा तुकडा असतो. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. अर्धवाहक या दोघांच्या मधला. त्यात दुसऱ्या पदार्थाचा किंचित अंश मिसळून दोन प्रकारचे थर करतात. त्यांच्या सांध्यातून वीज गेली की उजेड पडतो. उजेडाचा रंग पदार्थावर ठरतो.

1962 साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल उजेडाचा एलईडी केला. पुढे हिरवाही आला. निळा मात्र काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड होत नाही. त्यासाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ योग्य होता, पण त्याचा स्वच्छ स्फटिक तयार होत नव्हता. तो नीलमाच्या चकतीवर वाढवायचा, तर दोघांच्या अणूंमधलं अंतर जुळत नव्हतं. रांगोळीच्या कागदावरचे ठिपके एका मापाचे आणि आपण काढतो ती रांगोळी दुसऱ्या मापाची, असा प्रकार. स्फटिकाला भेगा पडत. बहुतेक संशोधकांनी त्याचा नाद सोडला आणि झिंक सेलेनाइडकडे वळले.

जपानमधल्या नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी यांनी तो सोडला नाही. त्यांच्या हाताखाली हिरोशी अमानो नावाचे तरुण विद्यार्थी होते. त्यांनी पंधराशेहून अधिक वेळा प्रयोग केले, आणि पुन्हा पुन्हा खडबडीत, धुरकट थरच हाती आला. अखेर नीलमावर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर द्यायचा, हा उपाय लागू पडला. अंगण ओबडधोबड असेल तर आपण आधी सारवून घेतो आणि मग रांगोळी काढतो, तसंच हे. 1986 साली त्यांचा काचेसारखा नितळ स्फटिक जगापुढे आला. 1989 मध्ये त्यांनी मॅग्नेशियम मिसळून हवा तो दुसऱ्या प्रकारचा थरही मिळवला.

त्याच सुमारास तोकुशिमा प्रांतातल्या एका कंपनीत शुजी नाकामुरा हेच काम करत होते. भट्टीची रचना ते स्वतः बदलत, पाइपही स्वतः जोडत. 1993 मध्ये त्यांचा लख्ख निळा एलईडी बाजारात आला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या चूर्णाचा लेप दिला, की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. आपल्या दिव्यात हेच असतं. 2014 साली या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता घरचा हिशोब. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला 9 युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणाऱ्या 9 वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. 2015 च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्वस्त एलईडीची योजना सुरू केली. पुढे तिचं नाव 'उजाला' झालं. सरकारी खरेदीत एका दिव्याला 2014 मध्ये 310 रुपये पडत होते. काही वर्षांत ती किंमत 38 रुपयांवर आली. मोठ्या खरेदीने भाव उतरला हे खरं, पण आधी तो स्फटिक जमला नसता, तर विकायला दिवाच नव्हता.

हाच गॅलियम नायट्राइड आता मोबाइलच्या छोट्या चार्जरमध्ये आला आहे. तो वीज वाया कमी घालवतो, त्यामुळे कमी तापतो आणि चार्जर आटोपशीर होतो. त्याचा सोबती सिलिकॉन कार्बाइड विजेवरच्या गाड्यांत वापरतात.

आपल्यापैकी कुणाची लेक प्रयोगशाळेत काम करत असेल, तर आपण तिला विचारतो, "अजून काही निघालं का?" अमानो यांना कुणी हे हजाराव्या प्रयोगानंतर विचारलं असतं, तर उत्तर 'नाही' असंच आलं असतं. म्हणून आम्हाला वाटतं, पुढच्या खेपेला तिला विचारावं, "आज काय करून पाहिलंस?"