फोटो कुणाचा, बघणार कोण?



जालना हा वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी आपला बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते राजा दीनदयाळ. राजवाडे, शिकारी, मेजवान्या हे त्यांचं नेहमीचं काम. पण १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी औरंगाबादच्या दुष्काळी कामांचेही फोटो काढले. एका फोटोत नुसत्या लंगोटीवरची तरुण पोरं आहेत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. हे फोटो गेले व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या संग्रहात. उपाशी माणसं आपली, आणि आल्बम साहेबाच्या कपाटात!

आता दुसरे फोटो सांगते. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून कष्टकरी बायांचे फोटो काढले. त्यांच्या प्रदर्शनाच्या नावाचा अर्थ असा: काम दिसतं, बाई दिसत नाही. वीटभट्टी, खाण, शेणकाम, बाजार, सगळं त्यात आहे. एका ठिकाणी शेतमालक ऐटीत फोटोला उभा राहिला. मागं बाया वाकून लावणी करत होत्या. ‘मी ४० रुपये रोज देतो,’ तो म्हणाला. बायांनी नंतर सांगितलं, हातात पडतात २५. त्या ओडिशातल्या रायगडा भागातल्या, भूमिहीन.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. हे फोटो मोठ्या शहरातल्या गारेगार हॉलपुरते ठेवले नाहीत. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, कारखान्याचं फाटक, शेतमजुरांचे मेळावे, तिथं ते लागले. देशात सात लाखांहून जास्त लोकांनी पाहिले. त्यात अशी कामं करणाऱ्या बायाही आल्याच.

आपल्याकडे घनसावंगी, परतूर, मंठ्याहून जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात. मोळी मात्र बाईच्या डोक्यावर. त्या वहीत ती कुठं दिसते, सांगा बरं?

हे प्रदर्शन आता ‘पारी’ या संकेतस्थळावर मोबाईलवरही बघता येतं. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत पोरीबाळींना लावून द्यायला सांगा. शेतात वाकलेल्या बायांचा भाग आधी बघा.