पोकळ बुंध्यांचे अरण्य

लंडनच्या पश्चिमेस विंडसरच्या राजवाड्याला लागून जे प्राचीन अरण्य पसरले आहे, त्यात १९३७ साली सुमारे १२ मिलिमीटर लांबीचा, काळा, परंतु उजेडात धरला असता निळसर-जांभळी झाक मारणारा एक भुंगेरा सापडला, आणि ‘व्हायोलेट क्लिक बीटल’ या नावाने ब्रिटनच्या कीटकसंपदेत त्याची नोंद झाली. फ्रान्सपासून हंगेरीपर्यंत त्याची तुरळक ठाणी आहेत; ब्रिटनमध्ये मात्र विंडसरखेरीज ब्रेडन हिल व डिक्स्टन वूड या दोनच ठिकाणी तो आढळला आहे.

वसंतात हॉथॉर्नची झुडपे पांढऱ्या फुलांनी लवतात त्या सुमारास प्रौढ कीटक काही आठवडे बाहेर वावरतो. एरवी त्याचे आयुष्य बीच किंवा ॲश वृक्षाच्या पोकळ बुंध्याच्या तळाशी, कुजलेले लाकूड, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा मिळून झालेल्या काळ्या, ओलसर भुशात जाते. तेथेच अळी वाढते, तेथेच कोष करते, आणि कोषातून निघालेला कीटक सारा हिवाळा आपल्या कोठडीत निश्चल बसून काढतो. चिमूटभर भुसा बोटांत चुरडला तर तो भिजवलेल्या चहापत्तीसारखा लागतो. तेवढा भुसा साचण्याजोगी पोकळी पडायला बीचला शेदीडशे वर्षे सहज लागतात.

एवढे आयुष्य या झाडांना लाभले कसे, याचे उत्तर इंग्लंडच्या जुन्या वहिवाटीत आहे. नॉर्मन राजांनी शिकारीसाठी अरण्ये राखली, १२१७ च्या अरण्य-सनदेने रयतेचे काही हक्क मान्य केले, आणि बुंधा मालकाचा, फांद्या मात्र सरपणासाठी रयतेच्या, असा रिवाज अनेक ठिकाणी रूढ झाला. नवे धुमारे हरणांच्या व गुरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून माणसाच्या उंचीच्या वर छाटणी होई. आपल्याकडे राबासाठी कवळ तोडून तोडून खुजी, गाठाळ झालेली ऐनाची झाडे ज्याने पाहिली आहेत, त्याला ही आकृती सांगावी लागणार नाही. अशी छाटलेली झाडे न छाटलेल्यांहून अधिक जगतात, जखमांतून पोखरली जातात, आणि वेडीवाकडी म्हणून जहाजाच्या तुळयांनाही निरुपयोगी ठरतात. म्हणून ती उभी राहिली. ज्या कुऱ्हाडीला आपण अरण्याची वैरीण समजतो, तिनेच या कीटकाला घर दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१८१३ च्या कायद्याने विंडसर अरण्यातील सामायिक हक्क संपुष्टात आले. पुढे दगडी कोळशाने सरपणाची गरजही उरू दिली नाही आणि छाटणी मागे पडली. जुने बीच शेंड्याच्या भाराने फाटून कोसळतात, तर त्यांची जागा घेणारे वृक्ष अजून भरीव आहेत. मधल्या पिढीची ही उणीव भरून निघावी म्हणून विंडसरचे वनरक्षक आता काही तरुण झाडांच्या बुंध्यांना मुद्दाम इजा करतात, आणि त्या जखमेत बुरशी शिरण्याची वाट पाहतात.