सत्तरीत मेंदू पुन्हा शिकतो का?

“डॉक्टर, बाबा सत्तरीचे झाले. आता कशाला त्यांना व्यायामाचा त्रास?” पक्षाघाताचा रुग्ण घरी जाताना हा प्रश्न हमखास येतो. नातेवाइकांना दोष देत नाही. आम्ही डॉक्टरही बरीच वर्षं असंच मानत होतो. मेंदूशास्त्राचे जनक समजले जाणारे स्पेनचे रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं, की प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात. (हा कठोर निर्णय पुढच्या विज्ञानाने बदलावा, असंही त्यांनीच लिहिलं होतं. ते मात्र आम्ही विसरलो.)

१९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रीता यांना ६५ व्या वर्षी पक्षाघात झाला. अर्धं अंग आणि वाचा गेली. चार आठवडे उपचार झाले, फरक नाही. धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरी शिकत होता. तो त्यांना घरी घेऊन गेला. पुनर्वसनाचं शास्त्र त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने वडिलांना लहान बाळासारखं आधी रांगायला लावलं. दुबळा खांदा भिंतीला टेकवून महिनोन् महिने रांगणं. मग जमिनीवरच्या गोट्या पकडणं, पातेली घासताना दुबळा हात गोल गोल फिरवणं. म्हाताऱ्या प्राध्यापकांना अंगणात रांगायला लावतो म्हणून शेजाऱ्यांनी त्याला नावं ठेवली. पण साधारण वर्षभराने पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवू लागले.

जॉर्जला नकळत नेमकं काय साधलं? वयाबरोबर निरोगी मेंदूही थोडा आकसतो, मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, संदेश सावकाश जातात. एका वेळी दोन गोष्टी करणं जड जातं, नवीन गोष्ट पक्की व्हायला जास्त उजळणी लागते. हा स्मृतिभ्रंश नव्हे. शब्द आणि जुन्या हातवळणाच्या सवयी बऱ्याच टिकतात. म्हणून एका वेळी एकच हालचाल, शेकडो वेळा, ओळखीच्या कामातून, हे उतारवयातल्या मेंदूला मानवतं. आपल्याकडे मात्र टीव्ही चालू, भेटायला आलेली मंडळी बोलतायत आणि त्यात चौघे चार सूचना देतायत, अशा गलक्यात व्यायाम चालतो. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, की तोही बंद.

पेद्रो ७२ व्या वर्षी कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात मेरी जेन अगिलार यांना दिसलं, की मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे जाणारे बहुतेक तंतू नष्टच झाले होते. जखम भरली नव्हती. उरलेल्या मेंदूने काम उचललं होतं. अगिलार यांनी हे १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. थोरला मुलगा पॉल मेंदूचा संशोधक होता. वडिलांचा मेंदू पाहून तो पुनर्वसनाकडे वळला.

प्रत्येक रुग्ण इतका सुधारत नाही. आणि हे वाचून आजोबांना लगेच रांगायला लावू नका. गुडघे, रक्तदाब, पडण्याचा धोका पाहून व्यायाम फिजिओथेरपिस्टनेच ठरवावा. घरच्यांनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा.