दम की वेग? सोळाशे मीटरमागचा इतिहास

१/ भंडारा, तुमसर, साकोली, पवनी. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली येथे पहाटेच रस्त्यावर उतरतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावायचे असते. मग सराव कसा करावा: संथ, लांब आणि अखंड, की जोरात धावून, थोडे थांबून, पुन्हा जोरात? हा वाद जवळपास नव्वद वर्षांचा आहे.

२/ १९३० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हान्स राइन्डेल यांनी मधल्या विश्रांतीला शास्त्राचे रूप दिले. नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत न्यावी, ती १२० वर उतरताच पुन्हा धावावे. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. हा विश्वविक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

३/ चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक सरावात ४०० मीटरच्या असंख्य वेगवान फेऱ्या मारी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके जिंकली. याच ऑलिम्पिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले.

४/ मग पारडे फिरले. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आधी आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावायला लावत. चढाचा आणि वेगाचा सराव त्यानंतर. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्ण एकाच दिवशी जिंकले.

५/ १९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांनी सहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल चालवी. दुसरा २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने करी. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांची वाढली. पण अल्पकाळ तीव्र जोर लावण्याची क्षमता फक्त दुसऱ्याची, सुमारे २८ टक्क्यांनी. ‘चार मिनिटांत तंदुरुस्ती’ ही ख्याती येथूनच पसरली.

६/ त्या ख्यातीत एक तपशील हरवला. दुसरा गटही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास मध्यम गतीने सायकल चालवत असे.

७/ इतिहासाचा कौल म्हणूनच एकतर्फी नाही. वेगवान आवर्तने वेळ वाचवतात आणि शेवटच्या फेरीसाठी जोर राखतात. संथ धाव दमाचा पाया घालते आणि शरीराला तीव्र श्रमांसाठी तयार करते. १६०० मीटर म्हणजे ४०० च्या चार फेऱ्या. पाया नसताना पहिल्याच आठवड्यात रोज जीव तोडून धावणाऱ्याचे पाय भरतीच्या दिवसाआधीच दुखावण्याची भीती असते. आधी दम, मग वेग, आणि दोहोंमध्ये मोजलेली विश्रांती.